एका पॉइंटचे एकतीस पैसे

ह्यांच्याकडे दोन लाख चौदा हजार पॉइंट आहेत
आणि विमानात हे एकदाही बसलेले नाहीत.

छावणीच्या मंडीत छत्तीस वर्षं मुनीम.
सोयाबीनचा दाणा दाताखाली फोडून
ओल सांगायचे, काट्याच्या आधी.
निवृत्तीनंतर दात उरले, दाणे संपले,
मग बँकेच्या पोरानं एक कार्ड दिलं
आणि वही पुन्हा सुरू झाली.

भाच्याच्या लग्नाचा हॉल ह्यांच्या कार्डावर.
रेशिमवाल्यांचा फ्रिज ह्यांच्या कार्डावर.
समोरच्या चौकसेंचे चारही टायर.
"रोख मला द्या, कार्ड मी घासतो,"
असं भर पंगतीत म्हणायचे,
मी जिलबी वाढता वाढता
जमिनीकडे बघायची.

मिक्सर घेतला तर पॉइंटला वीस पैसे.
मूर्ख लोक मिक्सर घेतात.
दिल्ली-मुंबई केलं तर पन्नास-साठ.
पण इस्तंबूल! पुढची खुर्ची,
जी आडवी होते, पलंगासारखी,
तिथे दीड रुपया पडतो पॉइंटला.
फक्त जागा रात्री बाराला उघडते
आणि बारा वाजून चार मिनिटांनी
कुणीतरी नेलेली असते.

अकरा महिने गजर लावला.
लोकमान्य नगरात सगळे झोपलेले,
आमच्या खोलीत मोबाइलचा निळा उजेड
आणि त्यात ह्यांचं नाक.
एकदा उघडली. एकच.
हे माझ्याकडे वळले, मी छताकडे.
पंखा फिरत होता.
"एकच आहे," म्हणाले.
"हं," म्हटलं.
चार मिनिटं झाली.

मग भादव्यात कंपनीनं रातोरात तक्ता बदलला.
साठ हजाराचं पंचाण्णव हजार.
सकाळी पोह्यांवर शेव घातली, जिरावण घातलं,
ह्यांनी चमचा नुसता फिरवला.
"आवक वाढली की भाव बसतोच,
मला कळायला हवं होतं. मला!"
मंडीत दिवाळं निघालेल्या दलालाचं
तोंड असंच व्हायचं, हेच सांगायचे.

त्याच आठवड्यात नागपूरहून कुमुदचा फोन.
डोळ्याचं ऑपरेशन, उद्या दुपारी,
मुलगा पुण्याला अडकलेला.
रेल्वेत जागा नव्हती. बस म्हणजे रात्रभर कंबर.
पासवर्ड वहीच्या पुठ्ठ्यावरच आहे,
ठळक अक्षरात, खाली दोन रेघा मारून.
बारा हजार चारशे पॉइंट,
वर सहाशे बारा रुपये कर.
मी विचारलं नाही.
विचारलं असतं तर म्हणाले असते, थांब,
अजून भाव येईल.

बिजासनच्या टेकडीवरची देवी
खिडकीतून पणतीएवढी झाली.
मग ढग, मग काहीच नाही,
मग शेजारच्या बाईनं विकतचा चहा घेतला
आणि मी नाही घेतला.

कुमुदला पट्टी लावून दिली,
तिचे थेंब, तिचा भात, तिची कुरकुर,
पाच दिवस.
परत बसनं आले, कंबर गेलीच.

स्टँडवर हे स्कूटर घेऊन उभे,
मफलर, खिशात वहीचं चिठोरं.
पिशवी हातातून घेतली,
संत्री मोजली नाहीत.
"तिकीट रोखीनं चार हजार चारशे छप्पन होतं," म्हणाले,
"कर वजा केला, भागलं.
एकतीस पैसे पडले तुला."
"पडू देत."
"मिक्सरपेक्षा बरं," म्हणाले, थोडा वेळ थांबून.

पलासियाच्या सिग्नलला
पुढे न बघता, आरशात न बघता,
"खिडकी होती का?"
होती.
"कुठली? उजवी?"
उजवीच.
मागून कुणीतरी भोंगा वाजवला.
दिवा केव्हाचा हिरवा झाला होता.
"मग नर्मदा दिसली असेल," म्हणाले.
"केवढी दिसते?"